अकरा महिन्यांच्या भाडेकरारालाही नोंदणी लागते

'अकरा महिन्यांचा करार स्टॅम्पपेपरवर नोटरी केला की झालं, नोंदणी कशाला?' नागपुरात मनीषनगर, मानेवाड्याकडे पहिल्यांदाच फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांना हा सल्ला हमखास मिळतो. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे.

समजाचं मूळ १९०८ च्या केंद्रीय नोंदणी कायद्यात. तिथे वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ मुदत बघतच नाही. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि जबाबदारी घरमालकाची, एजंटची नाही. चुकल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

दंडाचं सोडा. खरी गोम पुढे आहे: नोंदणी नसताना वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं ग्राह्य धरतात. भाडं किती ठरलं होतं, घर कधी सोडायचं, सगळंच त्यात आलं.

नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही होते. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणं मात्र वेगळं काम; ते केलं म्हणजे करार नोंदवला गेला असं नाही.