मैलापाण्यात डीएनए सापडला म्हणून गोळ्या घेऊ नका

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: 'सांडपाण्याच्या डीएनए चाचणीत ई-कोलाय सापडला, म्हणजे साथ आली. तो कुठल्या सोसायटीतून आला आणि त्यावर कोणतं औषध चालेल, हेही याच चाचणीत कळतं. खबरदारी म्हणून अँटिबायोटिक आधीच सुरू करा.' शेवटचं वाक्य वाचून गप्प बसवेना.

ई-कोलाय हा जीवाणू मैलापाण्यात सापडणारच. तो निरोगी माणसाच्या आतड्यातही असतो. त्याचे काही प्रकार घातक असतात हे खरं, पण जीवाणू ओळखायला सहसा जे १६एस जनुक वाचतात, त्यावरून घातक आणि निरुपद्रवी ई-कोलाय वेगळे काढता येत नाहीत. इतकंच काय, हगवणीचा शिगेलाही त्यावरून खात्रीनं वेगळा ओळखू येत नाही. घातकपणाची जनुकं स्वतंत्रपणे शोधावी लागतात.

शिवाय डीएनए सापडला म्हणजे जंतू जिवंतच आहे, असं नाही. क्लोरीननं मेलेल्या जंतूचा डीएनएही काही काळ पाण्यात टिकतो आणि डीएनएच्या असंख्य प्रती काढणारी पीसीआर चाचणी त्याच्याही प्रती काढते.

आता 'कुठल्या सोसायटीतून'. जंतूचा ठसा काढताना त्याच्या डीएनएचे तुकडे पीसीआरनं वाढवतात आणि जेलीसारख्या मऊ थरातून (जेल) विजेच्या प्रवाहावर सोडतात. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात. अतिनील प्रकाशात पट्ट्यांची शिडीच दिसते. दोन शिड्या जुळल्या, तर ते जंतू जवळच्या नात्यातले असावेत. पण जुळवायला दुसरी शिडी हवी ना? संशयित ठिकाणचे जंतू वेगळे वाढवून त्यांचेही ठसे काढल्याशिवाय एकटा ठसा कुणाचाही पत्ता सांगत नाही.

साथीबद्दलही तेच. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे (गिलियन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब घडवणारा जीवाणू काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत सापडला. म्हणून त्याच्याकडे बोट दाखवता आलं. मैलापाण्यातून शहराचा कल कळतो, कोरोनाच्या काळात पुण्यात तसं लक्ष ठेवलंही गेलं. ते काम मोलाचं आहे. पण त्यावरून तुमच्या पोटात काय चाललंय, ते ठरत नाही.

राहिलं औषध. जंतूचं नाव कळलं तरी कोणती गोळी लागू पडेल ते कळत नाही. औषधाला दाद न देण्याची जनुकं बऱ्याचदा प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यांवर असतात आणि प्लाझ्मिड एका जंतूतून दुसऱ्यात जातात. म्हणून एकाच जातीच्या दोन जंतूंपैकी एक गोळीनं मरतो, दुसरा मरत नाही. डॉक्टर कल्चर-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे जंतू वाढवून त्यावर कोणतं औषध चालतं ते पाहणारी चाचणी, करायला सांगतात, ते यासाठीच. जुलाब होत असतील तर ओआरएस सुरू करा आणि त्यांना दाखवा. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळीचा अंश लघवीतून त्याच मैलापाण्यात उतरतो, आणि तिथे दाद न देणाऱ्या जंतूंचंच फावतं.