ओळख काढा, कायदा काढू नका

इंदूरच्या सभ्य मराठी घरात वाढलात ना, मग हक्क-बिक्क शाळेच्या निबंधापुरते ठेवा. खऱ्या आयुष्यात लागते ती ओळख. काहीही झालं की वकिलाला फोन करायचा नाही, पहिला फोन राजेंद्र नगरच्या मामांना, कारण त्यांच्या साडूचा भाचा "थान्यात आहे", म्हणजे पोलीस ठाण्यात (तिथे तो नक्की काय करतो हे आजवर कोणी विचारलेलं नाही, विचारूही नये).

समजा राजवाड्याच्या गर्दीत तुमचा १८ हजारांचा मोबाइल खिशातून गेला. थान्यातले हेड साब प्रेमाने म्हणतील, "भिया, चोरी काहे को लिखवाते हो, गुमने का आवेदन दे दो." लगेच द्या. लिहून टाका की मीच वेंधळा, पोहे खाताना कुठेतरी पडला असेल. चोरी लिहिली तर बिचाऱ्यांना एफआयआर घ्यावी लागते, दखलपात्र गुन्ह्यात ती घ्यावीच लागते असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगून ठेवलंय, आणि १ जुलै २०२४ पासून जी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली तिच्या कलम १७३ मुळे तर "ये हमारे एरिया का मामला नहीं है" म्हणायचीही सोय राहिली नाही, हद्द कुठलीही असो, लिहून घ्यायचं आणि कॉपी फुकट द्यायची. नाही लिहिलं तर वरच्या साहेबांना टपालाने तक्रार, तिथेही नाही तर मॅजिस्ट्रेट. एवढं करत बसलात तर हेड साब तुमच्याबद्दल काय विचार करतील? त्यापेक्षा नवीन मोबाइल घ्या.

आता जरा नाजूक विषय. शेजारी भांडण झालं, ते आजोबांनी गॅलरीतून पाहिलं, आणि थान्यातून फोन आला की दादाजी को बयान के लिए भेज दो. कायदा म्हणतो की साक्षीदार म्हणून बाईला किंवा साठी ओलांडलेल्या पुरुषाला थान्यात बोलवायचं नाही, पोलिसांनीच त्यांच्या घरी जाऊन विचारायचं. पण अहो, पोलिसांची गाडी आपल्या दारात? समोरच्या जोशीकाकू खिडकीचा पडदा तेवढ्यासाठीच तर सरकवून बसलेल्या असतात! तेव्हा ७८ वर्षांच्या आजोबांना इस्त्रीचा सदरा घाला, बीपीच्या गोळ्या आणि पाण्याची बाटली थैलीत द्या आणि ऑटोत बसवून रवाना करा. तीन तास लाकडी बाकावर बसतील, त्यांनाही तेवढाच चेंज. घरी आले की कोणी विचारलं तर बँकेत गेले होते म्हणायचं.

दुकानाचंही तसंच. फ्रिज आठवड्यात बंद पडला आणि दुकानदाराने बिलावरची ओळ दाखवली, "बिका हुआ माल वापस नहीं होगा", की नमस्कार करून परत या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खराब माल परत न घेणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, बिलात मुदत दिलेली नसली तर ३० दिवस धरतात, वरून ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला ग्राहक आयोगात फी नाही आणि वकीलही लागत नाही. पण तुम्ही तर जीएसटी वाचवायला कच्ची पर्ची घेतली होती, नाही का? मग बरंच झालं, विषयच संपला.

आणि हो, फुकट वकील असतो हे घरच्या बायकांना कळू देऊ नका. विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० नंबर आहे, १९८७ च्या कायद्यानुसार बाईला तो वकील उत्पन्न न विचारता मिळतो, म्हणजे ताईच्या नावावर चार मजल्यांचं घर असलं तरी. हे तिला कळलं तर उद्या बाबांच्या प्लॉटमधला हिस्सा मागेल आणि भाऊबीजेचं वातावरण उगाच बिघडेल. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण तिला लहानपणीच पाठ करून दिलीय ती काय उगाच? लोक अदालतीला मात्र सगळे मिळून जरूर जा, तिथे पाणीपट्टीचा अधिभार माफ होतो, न्यायव्यवस्थेवरची आपली श्रद्धा अजून टिकून आहे ती त्याच्यामुळेच.

शेवटी एक प्रॅक्टिकल टिप. रागाच्या भरात तुम्ही मध्य प्रदेशच्या सीएम हेल्पलाइनला, १८१ वर, गल्लीतल्या बंद दिव्याची तक्रार केलीच, तर चार दिवसांनी एका साहेबाचा फोन येईल, आवाज इतका गोड की जणू सासरचे बोलतायत: "सर, शिकायत कटवा दीजिए ना, ऊपर से प्रेशर है, लाइट तो लग ही जाएगी." लगेच हो म्हणा. तक्रार "संतुष्टिपूर्वक बंद" होईल, टॉर्च तर घरात असतेच. आणि फोन ठेवायच्या आधी साहेबांचं नाव विचारून नंबर सेव्ह करा, पुढच्या महिन्यात मेव्हण्याचा नकाशा पास करायचाय.