आधी कार्बोरेटर की आधी कॉम्प्रेशन? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. होडीच्या मागे लावतात त्या जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीनवरील माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. मशीन मिसिंग करू लागले की आधी कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) साफ करायचा, हे खाडीवरच्या लहान पोरालाही ठाऊक असताना मी सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या कॉम्प्रेशन गेजचे खूळ काढले, हा पहिला. कोणता सिलिंडर काम करत नाही हे ओळखायला चालू मशीनच्या प्लगची कॅप काढून पाहण्याचा माझा सल्ला सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जाळणारा आहे, हा दुसरा. आणि आपल्या वडिलांनी पेट्रोलमध्ये मिसळायचे तेल नेहमी सढळ हाताने घालून एकच मशीन वीस वर्षे चालवले असताना मी जास्त तेलाला दोष दिला, हा तिसरा.

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. सीडीआय असलेल्या मशीनमध्ये कॅप नुसती काढून लोंबकळत ठेवली, तर ठिणगीला उडायला जागा उरत नाही आणि तो विजेचा दाब कॉइलच्या किंवा सीडीआयच्या आतच वाट शोधतो. मशीन बंद असतानाच कॅप काढून एखाद्या जुन्या प्लगला लावावी, त्या प्लगचे धातूचे अंग तारेने ब्लॉकला घट्ट जोडावे, पेट्रोलचा वास येत नाही याची खात्री करावी आणि मगच दोरी ओढावी, हे मी लिहायला हवे होते. ते राहून गेले. मूळ लेखात आज दुरुस्ती केली आहे, आपले आभार.

कार्बोरेटरविषयीचे आपले निरीक्षणही खोटे नाही. जून-जुलैच्या बंदीत मशीन काढून पडवीत टांगले जाते, कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेले पेट्रोल उडून जाते, मागे तेलाचा चिकट थर उरतो आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडून दोरी ओढली की मशीन धड चालत नाही. अशा वेळी जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक छिद्रे, साफ करणे हाच उपाय. माझा लेख मात्र कार्बोरेटर साफ करूनही न सुधारणाऱ्या मशीनविषयी होता, आणि तो लिहायला कारण झाले माझे स्वतःचे दोन सिलिंडरचे, आठ हॉर्सपॉवरचे मशीन.

त्याचा कार्बोरेटर मी एका महिन्यात तीनदा उघडला. दर वेळी एखादा दिवस बरे चाले आणि पुन्हा ओहोटीच्या ओढीविरुद्ध होडी जागची हलेनाशी होई. शेवटी वर सांगितल्याप्रमाणे एकेका सिलिंडरची ठिणगी तोडून पाहिली. वरच्याची तोडली तेव्हा मशीन बंदच पडले. खालच्याची तोडली तेव्हा आवाजातही फरक पडला नाही. म्हणजे खालचा सिलिंडर फुकटचा प्रवासी होता. त्याचा प्लग काढला तर तो ओला आणि काळा, ठिणगी मात्र स्वच्छ निळी. मग दोन्ही प्लग काढून, दोन्ही कॅप तारेने ब्लॉकला जोडून (अर्थिंग करून), थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून पाच वेळा दोरी ओढली: वर 110 पीएसआय, खाली जेमतेम 60. दोहोंत दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. हा जवळजवळ निम्म्याचा होता. खालच्या सिलिंडरात चमचाभर तेल सोडून पुन्हा ओढल्यावर काटा 85 पर्यंत चढला, म्हणजे तेलाने फट बुजवली, म्हणून संशय पिस्टनभोवतीच्या रिंगांवर गेला. हेड आणि सिलिंडर उतरवल्यावर पिस्टनची वरची रिंग खाचेतच कार्बनने जाम झालेली निघाली. तिला जेटशी काय देणेघेणे?

गेज कुठून आणायचा, असेही आपण विचारले आहे. दुचाकीच्या गॅरेजमध्ये तो बहुधा असतो, आणि आउटबोर्डच्या प्लगचे आटे बहुतेक वेळा त्याच 14 मिलिमीटरचे असल्याने जुळतो. पाच मिनिटांची ही तपासणी आधी केली असती, तर माझे तीन रविवार वाचले असते.

तेलाचा प्रश्न मात्र आपण समजता तितका सरळ नाही. पेट्रोल आणि तेलाचे 50 ला 1 हे प्रमाण म्हणजे लिटरमागे 20 मिलिलिटर तेल. आपले वडील घालत ते 40 मिलिलिटर म्हणजे 25 ला 1. त्यामुळे जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोल दोनेक टक्क्यांनी कमी होते, मिश्रण थोडे घट्टही होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जरा कमी पडते. पण एवढ्याने पिस्टन जळेल असे मी म्हणणार नाही, आणि कित्येक जुन्या मशीनना कंपनीनेच हे प्रमाण सांगितलेले असे. नुकसान होते ते न जळलेल्या तेलाने. ते प्लगवर, एक्झॉस्टच्या पोर्टमध्ये आणि रिंगांच्या खाचेत बसते, विशेषतः होडी तासन्‌तास मंद गतीने चालवली तर. त्यात पुष्कळजण मोटारसायकलचे टू-टी (टू-स्ट्रोकचे तेल) घालतात, ज्यात राख सोडणारे घटक असू शकतात. पाण्यावरच्या मशीनसाठी टीसी-डब्ल्यू3 दर्जाचे, राख न सोडणारे तेल वेगळे मिळते. माझ्या मशीनला आधीच्या मालकाने ‘थोडे जास्तच बरे’ म्हणून टू-टी पाजले होते. रिंग त्याच कारणाने जाम झाली हे शपथेवर सांगता येणार नाही, पण शंका तिथेच येते. आपल्या वडिलांचे मशीन टिकले याचे श्रेय मला त्यांच्या हाताला द्यावेसे वाटते, तेलाला नव्हे.

आता आपल्या मशीनविषयी. आपण लिहिता की ते सहज सुरू होते, दहा मिनिटे पूर्ण वेगाने चालते, मग दम तोडते आणि थोडे थांबल्यावर पुन्हा ठीक चालते. जेट तुंबला असता, तर ही दहा मिनिटेही मिळाली नसती. हे घडेल त्या क्षणी इंधनाच्या नळीवरचा रबरी फुगा पाहा. तो चपटा झाला असेल, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद आहे किंवा गंजला आहे. झाकण सैल करताच फुस्स आवाज होऊन मशीन उचल घेईल. फुगा मऊ असेल आणि दाबत राहिल्यावर वेग परत येत असेल, तर इंधनपंपाचा डायफ्रॅम (पातळ पडदा) फाटला आहे किंवा नळी कुठेतरी हवा ओढते आहे. हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुने रबर लवकर खराब होते. फुगा टणक असेल आणि तरीही मशीन दम तोडत असेल, तर आधी मशीन थंड करून मागून पडणारी पाण्याची धार पाहा. ती बारीक किंवा गरम वाफाळती असेल, तर लगेच मशीन बंद करा, कारण इंपेलर (पाणी खेचणारे रबरी चाक) गेलेला असू शकतो. धार नीट असेल, तर तापल्यावर ठिणगी सोडणारी कॉइल शोधावी लागेल.

पुढच्या फेरीत फुगा कसा लागला, तेवढे कळवा. तोवर कार्बोरेटरला हात लावू नका.