विरोध वहीत लिहून घ्या

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत एक वाद फिरून फिरून येतो. चर्चमधलं भांडण सार्वजनिक विश्वस्त संस्थांवर देखरेख करणाऱ्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात न्यावं की नेऊ नये? एक बाजू करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय उघडते. विश्वासणाऱ्यांनी आपसातलं प्रकरण बाहेरच्या न्यायासनापुढे नेऊ नये, असं पौलाने तिथे बजावलं आहे. दुसरी बाजू विचारते, कमिटी हिशोबच दाखवत नसेल तर आम्ही जायचं कुठे? स्कॉटलंडमध्ये राहून हा वाद ऐकताना दोघांचंही म्हणणं पटतं, आणि तरी वाटतं की भांडणाचं शेपूट धरून ओढाओढ चालली आहे. कार्यालयाची पायरी शेवटी येते. भांडणाला सुरुवात होते ती तीन ठिकाणी: सभासद नोंदवहीत, सभेच्या इतिवृत्तात आणि पावतीपुस्तकात.

स्कॉटलंडचा आणि मराठवाड्याचा या बाबतीत जुना संबंध आहे. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे होते. त्यांचा बाप्तिस्मा १८४३ सालचा, आणि हे फ्री चर्चही त्याच वर्षी फुटीतून जन्मलेलं. गावचा पाळक कोण, हे जमीनदाराने ठरवायचं की मंडळीने, यावरून साडेचारशेहून जास्त पाळक राष्ट्रीय चर्च सोडून निघाले. राहती घरं आणि पगारही सोडले. ज्यांनी आपल्याकडे मिशनरी पाठवले ते भांडत नव्हते, अशी एक भोळी समजूत आपल्याकडे आहे. ते चांगलेच भांडत होते.

त्यातलं सर्वांत महागडं भांडण १९०० सालचं. फ्री चर्चने बहुमताने युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्चशी एकीकरण केलं. मूठभर पाळक आणि त्यांच्या मंडळ्या बाहेर राहिल्या आणि कोर्टात गेल्या. १ ऑगस्ट १९०४ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की मालमत्ता या मूठभरांचीच. कारण साधं होतं. देणगीदारांनी पैसा ठरावीक तत्त्वं मानणाऱ्या चर्चसाठी विश्वस्त निधी म्हणून सोपवला होता; बहुमताला तत्त्वं बदलता येतील, पण तो पैसा बरोबर नेता येणार नाही. मूठभरांना इतक्या इमारती सांभाळणंही शक्य नव्हतं, म्हणून १९०५ साली संसदेला कायदा करून आयोगामार्फत वाटणी करावी लागली.

आपल्याकडे याचीच आवृत्ती निघाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यातल्या ब्रदरन मंडळीच्या गुजरातेतल्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ साली न्यायालयाने सांगितलं की नुसत्या एकीकरणाच्या ठरावाने जुनी नोंदणीकृत संस्था संपत नाही आणि तिची मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडे जात नाही. त्यासाठी कायद्यातली विसर्जनाची रीतच पाळावी लागते. ज्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यावर तो वाद उभा होता, तोच महाराष्ट्रात लागू आहे. म्हणून ‘आमच्या बाजूला दोनशे कुटुंबं आहेत’ या वाक्याला मंडळीत वजन असलं, तरी आयुक्तांपुढे ते एकटं पुरत नाही. तिथे पीटीआरच्या, म्हणजे सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीच्या, उताऱ्यावर नाव कोणाचं, हे आधी पाहतात.

स्कॉटलंडच्या चर्चकडून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक तर १६९७ पासूनच इथे बॅरिअर ॲक्ट नावाचा नियम आहे. चर्चची शिकवण, उपासना, शिस्त किंवा कारभार यांत मोठा बदल करायचा तर महासभेने, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेने, मंजूर केलेला मसुदा सगळ्या प्रेस्बिटऱ्यांकडे, म्हणजे त्या त्या भागातल्या मंडळ्यांच्या प्रतिनिधी सभांकडे, जातो. त्यांच्या बहुमताने मान्यता मिळाली, तरच पुढच्या महासभेत तो कायदा होतो. सगळं संथ चालतं, चिडचिड होते, पण रात्रीतून घटना बदलली असं कोणाला म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट आपल्याला जास्त उपयोगाची. निर्णय जाहीर होताच ज्याला तो मान्य नाही तो सभासद उभा राहून ‘माझा विरोध नोंदवा’ म्हणतो, आणि त्याचं नाव इतिवृत्तात जातं. त्यासाठी सभात्याग करावा लागत नाही, की वेगळी उपासना सुरू करावी लागत नाही. निर्णय लागू होतो आणि विरोधही कागदावर राहतो. आपल्याकडच्या पास्टोरेट कमिट्यांत, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समित्यांत, इतिवृत्त लिहिण्याची तऱ्हा बहुधा अशी: ‘सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.’ हे ‘सर्वानुमते’ फार भांडणं लावतं. पाच जण विरोधात बोललेले असतात, सेक्रेटरी ते पुसून टाकतो, आणि पुढच्या रविवारी तेच पाच जण फाटकाजवळ उभे असतात. ठरावाखाली सूचक, अनुमोदक, बाजूची मतं, विरोधी मतं आणि नाव घालायला सांगणाऱ्या विरोधकांची नावं लिहायला चार ओळी पुरतात. मसुदा सभेतच मोठ्याने वाचून अध्यक्षांची सही घ्यावी. कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारावी, कारण नंतरची भर तिथेच घातली जाते.

याचा प्रत्यक्ष फायदा चेंज रिपोर्टच्या, म्हणजे आयुक्तांना बदल कळवण्याच्या अर्जाच्या, वेळी कळतो. स्वतंत्र नोंदणी असलेल्या मंडळीत विश्वस्त बदलले की याच विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत तसं कळवावं लागतं. सोबत सभेची नोटीस, ती सर्वांना पोचल्याचा पुरावा, सह्यांची हजेरी, ठरावाची प्रत, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं आणि जुना विश्वस्त गेला असेल तर मृत्यूचा दाखला किंवा राजीनामा जोडायचा. घोडं अडतं ते नोटिशीवर. ती उपासनेत वाचून दाखवलेली असते, पण पोचल्याचा कागद नसतो. मग दुसरा गट आपली सभा घेऊन आपला चेंज रिपोर्ट टाकतो. दोन्ही प्रकरणं चौकशीत पडतात, तारखांवर तारखा, बँक कोणाच्याच सहीवर पैसे सोडत नाही आणि पाळकांचा पगार थकतो. नोटीस बोर्डावर लावावी, व्हॉट्सॲपवर टाकावी आणि शिवाय घरोघर फिरवून रजिस्टरमध्ये सह्या घ्याव्यात. काम कंटाळवाणं आहे, ते तरुण संघाकडे सोपवावं.

सभेची तारीख हाही मराठवाड्यातला खास प्रश्न आहे. बीड, धाराशिव, जालन्याच्या खेड्यांतल्या मंडळ्यांतले बरेच सभासद दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. नाताळानंतर वार्षिक सभा घेतली तर अर्धी मंडळी कारखान्यावर असते, आणि मग ‘आम्हाला डावललं’ ही तक्रार खरीच ठरते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. मे महिन्यात सभा ठेवली तर हिशोबही तयार असतात आणि माणसंही गावात असतात. स्कॉटलंडमध्ये ही अडचण नाही. इथे हिशोबाला मुदतीचा धाक आहे: वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत तपासलेला हिशोब धर्मादाय नियामकाकडे गेलाच पाहिजे, आणि मागेल त्याला तो दाखवावा लागतो.

सभासद यादीची गोष्ट नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे. त्यामुळे नियमित उपासनेला येणारी, दान देणारी काही कुटुंबं चर्चच्या नोंदवहीत नाव घालायला कचरतात. निवडणूक आली की त्यांच्या मतावर हरकत येते. एरवी त्यांचं दान घेताना हरकत कोणी घेत नाही. त्यांच्या अडचणीचं मूळ कायद्यात आहे, ते मंडळी सोडवू शकत नाही. पण यादी निवडणुकीच्या आठवड्यात करू नये, एवढं मंडळीच्या हातात आहे. दर वर्षी ठरावीक महिन्यात यादी लावावी, हरकतीला तीन आठवडे द्यावेत आणि नंतर ती गोठवावी. कबूल सभासद कोण, सलग किती उपासना चुकल्या तर नाव स्थगित, हे आधी ठरवावं. पाळकपद रिकामं झालं की स्कॉटलंडमध्ये आधी मतदारयादी पक्की करतात, मग नेमणूक समिती निवडतात. प्रेस्बिटरी त्या काळापुरता बाहेरचा अध्यक्ष देते, त्यामुळे ज्याच्या जागेचा प्रश्न आहे तो अध्यक्षस्थानी बसत नाही.

पावतीपुस्तकाबद्दल थोडक्यात. दानाची थैली उपासनेनंतर तिथेच, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावी, चिठ्ठीवर दोघांनी सही करावी, सोमवारी पूर्ण रक्कम बँकेत भरावी. त्यातून परस्पर खर्च नको. मिशन कंपाऊंडच्या भिंतीलगतचे गाळे हे मात्र मोठं दुखणं आहे. इमारत किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायला कलम ३६ खाली आयुक्तांची परवानगी लागते; शेतजमिनीला ही मर्यादा दहा वर्षांची. म्हणून अकरा-अकरा महिन्यांचे करार वर्षानुवर्षं पुढे सरकवले जातात, भाडं जुनंच राहतं आणि फरक कोणाच्या खिशात गेला, यावर कुजबुज चालते. गाळ्यांची यादी, भाडेकरूचं नाव, भाडं आणि थकबाकी दर तीन महिन्यांनी फलकावर लावली की ही कुजबुज निम्मी होईल.

स्कॉटलंडचं सगळं बरं असंही नाही. इथे नाराज कुटुंब भांडत नाही, येणंच बंद करतं. सभा शांत, चहा-बिस्किटं वेळेवर, आणि बाकं रिकामी. सध्या इथे कोणत्या इमारती बंद करायच्या हाच वाद आहे, आणि बहुतेक इमारतींची मालकी मध्यवर्ती विश्वस्तांकडे असल्याने गावातल्या माणसाला तो हरलेला वाटतो. मराठवाड्यात लोक भांडतात, कारण चर्च सोडून जाणं परवडत नाही. लग्न तिथे, दफनभूमी तिथे, मिशनच्या शाळेत किंवा दवाखान्यात कोणाची तरी नोकरी, आणि समोरच्या गटात आपलीच भावकी. भांडण आहे म्हणजे माणसं अजून हक्क सांगतात. मला त्या शांततेपेक्षा हे बरं वाटतं.

समेट घडवायचा तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायाचा क्रम चांगला आहे: आधी दोघांत बोला, मग एक-दोन साक्षीदार घ्या, मग मंडळीपुढे आणा. स्कॉटलंडमध्ये प्लेस फॉर होप ही संस्था चर्चच्या वादांसाठी प्रशिक्षित मध्यस्थ देते. आपल्याकडे शेजारच्या जिल्ह्यातले दोन ज्येष्ठ, शक्यतो त्यातली एक बाई, हे काम करू शकतात. पहिल्या दिवशी दोन्ही गटांना वेगळं भेटावं, प्रत्येकाचं म्हणणं लिहून त्यालाच वाचून दाखवावं. एकत्र बैठक त्यानंतर, आणि तीही दोन-तीन मुद्द्यांवरच. वीस वर्षांचा इतिहास पहिल्याच बैठकीत काढला की खुर्च्या उचलल्या जातात. मध्यस्थ आपल्याच तालुक्यातला असेल तर तो कोणाचा तरी व्याही निघतोच.

पण मत्तयाचा हा अध्याय व्यक्तीने व्यक्तीविरुद्ध केलेल्या अपराधाबद्दल आहे. हिशोबातली अफरातफर त्यात बसत नाही. ती लेखापरीक्षकाकडे आणि गरज पडल्यास आयुक्तांकडेच जायला हवी, आणि पौलाचा सहावा अध्याय तिच्यावर पांघरूण म्हणून वापरू नये. वसतिगृहातल्या मुलामुलींवरच्या अत्याचाराची शंका आली तर समेट हा शब्दही काढू नये. २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. दफन हीसुद्धा वादाबाहेरची गोष्ट. वर्गणी थकली किंवा गट वेगळा म्हणून मयत अडवण्याचा अधिकार कमिटीला नाही, असा एक ओळीचा ठराव भांडण नसतानाच करून ठेवावा.

आता आपण परदेशस्थांबद्दल. गावाकडच्या वादात इथून तेल ओतण्याची आपल्याला सवय आहे: एका गटाला पैसे पाठवायचे, ग्रुपवर लांब संदेश टाकायचे. मत देण्याआधी नोटीस, हजेरी आणि इतिवृत्ताचे फोटो मागवावेत. तिन्ही मिळाले नाहीत तर गप्प बसावं. पैशाचंही नीट समजून घ्यावं. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून दिलेलं दान परकीय देणगी धरलं जात नाही. ब्रिटिश पासपोर्ट घेतलेल्याचं दान मात्र, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) असलं तरी, परकीय देणगीच ठरतं. ते घ्यायला मंडळीकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच आला पाहिजे. खजिनदाराच्या बचत खात्यात ‘नाताळासाठी’ म्हणून टाकलेली रक्कम पुढच्या निवडणुकीत त्याच्याविरुद्धचा पहिला मुद्दा होते, आणि उत्तर देताना तो गावात एकटा असतो.