विमान पाहुण्याचं, आकाश यजमानाचं

भाची स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. परवा तिने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, कसलं भारी आहे बघ, वहीत उतरवून घेतलंय." तोच मजकूर माझ्याकडे आधीही इकडून तिकडून येऊन गेला होता आणि मी न वाचता पुसून टाकला होता. आता तो वहीत गेला म्हटल्यावर वाचणं भाग पडलं.

मथळा असा: 'परदेशी राष्ट्रप्रमुखांच्या दौऱ्यामागची ७ गुपितं, जी तुम्हाला कोणी सांगणार नाही.' गुपितं थोडक्यात सांगते. एक, २१ तोफांची सलामी फक्त महासत्तांच्या नेत्यांना मिळते. १९ मिळाल्या तर यजमानाने लायकी दाखवली असं समजा. दोन, यजमान नेता स्वतः विमानतळावर आला नाही तर तो पाहुण्याचा जाहीर अपमान. तीन, नेत्याचं विमान म्हणजे त्याच्या देशाची जमीन, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. चार, त्याच्या अंगरक्षकांना यजमान देशाचा कायदा लागू नाही, ते कुणावरही हात टाकू शकतात आणि पोलिसांनी फक्त बघायचं. पाच, कोण कुठे बसणार, काय वाजणार हे यजमान एकटा ठरवतो, म्हणून झालेली प्रत्येक चूक मुद्दाम केलेली असते. सहा, सगळा खर्च यजमानाचा. सात, भेटवस्तू नेत्याच्या घरी जातात.

मी तिसऱ्या आणि चौथ्यापासून सुरुवात करते. बाकीच्यांनी फार तर गप्पा बिघडतील. हे दोन मात्र खरे मानले तर परक्या देशाच्या शस्त्रधारी माणसाने आपल्या रस्त्यावर काहीही करावं आणि आपण ते कायदेशीर समजावं, अशी पाळी येईल.

विमानाचं आधी. १९४४ साली शिकागोत झालेला आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार आहे. त्याचं पहिलंच कलम सांगतं की प्रत्येक देशाचं आपल्या भूभागावरच्या आकाशावर पूर्ण आणि एकट्याचं सार्वभौमत्व असतं. तिसरं कलम सरकारी विमानांबद्दल आहे. लष्कर, सीमाशुल्क आणि पोलिसांच्या सेवेतली विमानं ही सरकारी विमानं, आणि नेत्यांची विमानंही याच वर्गात धरली जातात. अशा विमानाला दुसऱ्या देशावरून उडायचं किंवा तिथे उतरायचं तर त्या देशाची परवानगी हवी, आणि परवानगी ज्या अटींवर मिळाली त्या अटी पाळायला हव्यात. म्हणजे फॉरवर्डमध्ये लिहिलंय त्याच्या बरोब्बर उलट. प्रवासी विमानांना काही हक्क करारांतून आपोआप मिळतात. राष्ट्रपतींच्या विमानाला दर वेळी विचारावं लागतं.

हे कागदावरचंच आहे असं वाटत असेल तर फार मागे जायला नको. सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद आइसलँडला निघाले होते. पाकिस्तानने त्यांच्या विमानाला आपलं आकाश नाकारलं. त्याच महिन्यात पंतप्रधान मोदींच्या विमानालाही नाकारलं, आणि ऑक्टोबरमध्ये सौदी अरेबियाच्या दौऱ्याच्या वेळी पुन्हा. भारताने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे दाद मागितली. संघटनेने सांगितलं की राष्ट्रीय नेत्यांना नेणारी उड्डाणं सरकारी विमानांत मोडतात, आमच्या तरतुदी त्यांना लागू नाहीत. पाकिस्तानचं वागणं खुनशी होतं, हे मान्य. पण विमान ही 'भारताची जमीन' असती तर दाद मागायचा प्रश्नच आला नसता.

त्याआधी २ जुलै २०१३ ला बोलिव्हियाचे अध्यक्ष एवो मोरालेस मॉस्कोहून घरी निघाले होते. अमेरिकेच्या हेरगिरीची गुपितं फोडणारा एडवर्ड स्नोडेन त्याच विमानात लपलाय, अशी आवई उठली. युरोपातल्या देशांनी वाट नाकारली (फ्रान्स, पोर्तुगाल, स्पेन आणि इटली अशी नावं बोलिव्हियाने घेतली), आणि एका देशाच्या अध्यक्षांना व्हिएन्नाच्या विमानतळावर रात्र काढावी लागली. स्नोडेन विमानात नव्हताच. फ्रान्सने नंतर दिलगिरी व्यक्त केली. दिलगिरी राजनैतिक उद्धटपणाबद्दल होती. आकाश बंद करण्याचा अधिकारच नाही, असं कुणी म्हटलं नाही.

यात खरं आहे ते एवढंच: विमान परवानगीने उतरलं की यजमान देशाचे अधिकारी मनात आलं म्हणून आत शिरून झडती घेत नाहीत. त्या विमानाला संरक्षण आहे. पण एखाद्या जागेला संरक्षण मिळालं म्हणून ती जागा परक्या देशाची होत नाही. दूतावासांबद्दलही हाच घोळ घालतात. १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार यजमान देशाच्या पोलिसांना दूतावासात परवानगीशिवाय शिरता येत नाही. जमीन मात्र ज्या देशात आहे त्याच देशाची राहते.

आता अंगरक्षक. यातही एक धागा खरा आहे, तो आधी देऊन टाकते. पदावर असलेल्या राष्ट्रप्रमुखाला परदेशात साधारणपणे अटक करता येत नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००२ मध्ये काँगो विरुद्ध बेल्जियम या खटल्यात पदावरच्या परराष्ट्रमंत्र्यालाही हे संरक्षण असल्याचं सांगितलं, आणि ते सांगताना राष्ट्रप्रमुख आणि सरकारप्रमुख यांचाही उल्लेख केला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे संरक्षण साहेबांच्या अंगावरून काढलं आणि सगळ्या ताफ्यावर पांघरलं.

प्रत्यक्षात पाहुण्याचे किती अंगरक्षक येणार, कोणती शस्त्रं आणणार, ती कुठपर्यंत बाळगणार, हे आधी कळवावं लागतं आणि यजमान देशाची संमती घ्यावी लागते. रस्त्याची, गर्दीची आणि इमारतीबाहेरच्या वर्तुळाची जबाबदारी यजमान देशाच्या पोलिसांचीच असते. अंगरक्षकांनी ही रेघ ओलांडली तर काय होतं, ते १६ मे २०१७ ला वॉशिंग्टनमध्ये दिसलं. तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान दौऱ्यावर होते. तुर्की राजदूतांच्या निवासस्थानाबाहेर निदर्शक जमले होते. एर्दोगान यांच्या सुरक्षा पथकातल्या माणसांनी त्यांना लाथाबुक्क्यांनी तुडवलं, कॅमेऱ्यांसमोर. पोलिस बघत राहिले नाहीत, मध्ये पडले. पुढे १९ जणांवर आरोप ठेवले गेले, त्यांतले १५ तुर्की सुरक्षा अधिकारी होते.

बहुतेक अंगरक्षक तोवर मायदेशी परतले होते, आणि नंतर त्यांच्यापैकी बऱ्याच जणांवरचे आरोप मागे घेतले गेले. हे लपवून मला जिंकायचं नाही. मोठ्या देशांच्या सोयीपुढे कायदा कधी कधी मान खाली घालतो. पण मार खाल्लेल्यांनी दिवाणी दावा लावला. तुर्कस्तानने सार्वभौम देश म्हणून संरक्षण मागितलं आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने ते नाकारलं. नेत्याचं रक्षण करण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. शांत उभ्या निदर्शकांवर धावून जाणं त्या रक्षणात बसत नाही, असं म्हटलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्यात हात घालायला नकार दिला. तेव्हा 'अंगरक्षकांना कायदा लागू नाही' हे वाक्य वहीतून खोडायचं. पेन्सिलीने नाही, पेनने.

तोफांकडे येते. सलामी पदाला असते. अमेरिकेचा नियम सरळ आहे: परदेशी राष्ट्रप्रमुखाला २१, सरकारप्रमुखाला १९. मग तो राष्ट्रप्रमुख दोन-चार बेटांच्या देशाचा असला तरी २१, आणि पंतप्रधान अब्जाहून जास्त लोकांच्या देशाचा असला तरी १९. लायकीचा संबंध येतो कुठे? उलट लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये ४१ फैरी झडतात. त्यांतल्या २१ नेहमीच्या आणि २० जादा, कारण ती बाग राजघराण्याची. २०१५ मध्ये शी जिनपिंग गेले तेव्हाही ४१ झडल्या, आणि त्यावरून चीनचा मान दुप्पट झाला असं समजणारेही निघाले असतील. (२१ तोफा म्हणजे रांगेत २१ तोफा उभ्या असतात असंही नाही, मोजक्या तोफा आळीपाळीने २१ फैरी झाडतात, त्याही पोकळ.)

तोफा मोजून लायकी ठरवायची सवय आपल्याला कुठून लागली असेल, याचा माझा अंदाज सांगते. इंग्रजांनी संस्थानिकांना तोफांच्या उतरंडीवर बसवलं होतं. बडोदा आणि ग्वाल्हेर २१, कोल्हापूर १९, आणि खाली उतरत उतरत ९ पर्यंत. तिथे आकडा खरोखरच दर्जा सांगायचा, आणि त्यावरून रुसवेफुगवेही व्हायचे. संस्थानं गेली, मोजणी डोक्यात राहिली.

शिवाय २१ मिळाल्या म्हणजे सगळं मिळालं, हेही खोटं. एप्रिल २००६ मध्ये चीनचे अध्यक्ष हू जिंताओ व्हाइट हाउसमध्ये गेले. तोफा २१ झडल्या. पण चीन ज्या दौऱ्याला 'स्टेट व्हिजिट' (म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचा दौरा) म्हणत होता त्याला अमेरिका ते नाव द्यायला तयार नव्हती, आणि रात्रीच्या शाही मेजवानीऐवजी दुपारचं जेवण देण्यात आलं. दोन्ही बाजूंचे अधिकारी महिनोन् महिने घासाघीस करतात ती दौऱ्याच्या दर्जावर आणि मेजवानीवर. तोफांचा आकडा पदानुसार ठरलेलाच असतो, त्यावर भांडायला काही उरत नाही.

हाच दौरा पाचव्या गुपितालाही पुरतो. त्या समारंभात निवेदकाने राष्ट्रगीताची घोषणा करताना 'चीनचं जनवादी प्रजासत्ताक' म्हणण्याऐवजी 'चीनचं प्रजासत्ताक' म्हटलं, म्हणजे चक्क तैवानचं अधिकृत नाव घेतलं. वर एका निदर्शक बाईने पत्रकारांच्या मंचावरून हू यांच्यावर आरडाओरडा केला. बुश यांना माफी मागावी लागली. ज्या यजमानाला नंतर माफी मागायची नामुष्की येते त्याने हे मुद्दाम घडवलं, असं मानायला फारच कल्पनाशक्ती लागते.

आणि ठरवणारा यजमान एकटा नसतो. पाहुण्यांचं तयारी बघणारं पथक आधी येऊन जातं. गाडी कुठे थांबणार, दार कोणत्या बाजूला उघडणार, दुभाषा कोणाच्या मागे बसणार, राष्ट्रगीताची कोणती धून वाजणार, जेवणात काय चालत नाही, सगळं दोघे मिळून मिनिटामिनिटाच्या कार्यक्रमपत्रिकेत बसवतात. हे नीट झालं नाही की काय होतं ते एप्रिल २०२१ मध्ये अंकारात दिसलं. एर्दोगान आणि युरोपीय संघाच्या परिषदेचे अध्यक्ष शार्ल मिशेल खुर्च्यांवर बसले, आणि त्याच संघाच्या आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डर लायन उभ्याच राहिल्या. शेवटी बाजूच्या सोफ्यावर बसल्या. जगाने तुर्कस्तानला झोडपलं. तुर्कस्तानचं म्हणणं होतं की मांडणी युरोपच्याच मागणीप्रमाणे केली. बाईंना ताटकळत ठेवणं वाईटच दिसलं, पण दोष वाटायला बसलात तर दोन्ही टेबलांवर जावं लागेल.

विमानतळाचं गुपित अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. नेता स्वतः विमानतळावर गेला तर तो काहीतरी सांगत असतो. २५ जानेवारी २०१५ ला मोदी ओबामांना घ्यायला गेले, ते शिष्टाचार बाजूला ठेवून. ओबामा त्याच वर्षी पोप फ्रान्सिस यांच्यासाठी विमानतळावर गेले, तेही अपवाद म्हणून. पण जाणं हा विशेष मान असला तरी न जाणं हा अपमान ठरत नाही, कारण न जाणं हाच नियम आहे. जून २०२३ मध्ये मोदी वॉशिंग्टनला पोचले तेव्हा विमानतळावर बायडेन नव्हते, राजशिष्टाचार प्रमुख होते. त्या दौऱ्याला अपमान म्हणणारा अजून मला भेटलेला नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये कॅनडाचे जस्टिन ट्रुडो दिल्लीत उतरले आणि राज्यमंत्री गजेंद्रसिंह शेखावत स्वागताला आले, तेव्हा मात्र केवढा गहजब झाला. वास्तविक राज्यमंत्र्याने जाणं ही नेहमीची पद्धत. दोन्ही देशांचे संबंध तेव्हा थंडावलेले होते हे खरं, पण त्याचा पुरावा विमानतळावर शोधायची गरज नव्हती.

खर्चाचं पटकन. यजमान साधारणपणे मुख्य पाहुणा आणि शिष्टमंडळातल्या ठरलेल्या माणसांची राहण्याफिरण्याची सोय करतो. विमान आणि त्यापलीकडचा लवाजमा पाहुण्याच्या देशाच्या खर्चाने.

भेटवस्तू घरी जातात म्हणे. भारतात नेत्यांना परदेशातून मिळालेली भेट परराष्ट्र मंत्रालयाच्या तोशाखान्यात, म्हणजे भेटवस्तूंच्या सरकारी भांडारात, जमा करायची असते. मूल्य ५,००० रुपयांपर्यंत असेल तरच ती ज्याला मिळाली त्याला पैसे न भरता ठेवता येते. अमेरिकेतही ठरावीक मूल्यावरची भेट सरकारची होते. पाकिस्तानात २०२३ पर्यंत नेत्यांना तोशाखान्यातल्या वस्तू किमतीचा काही भाग भरून विकत घेता येत, आणि असा व्यवहार निवडणूक आयोगापुढे नीट जाहीर केला नाही म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये इम्रान खान यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. ती त्याच महिन्यात स्थगित झाली, पण तोवर ते तुरुंगात पोचले होते.