एव्हरपिक्स फुकटेपणाने बुडाली नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. बंद पडलेल्या एव्हरपिक्स या फोटो साठवणाऱ्या सेवेवरील लेखात मी म्हटले होते की, ग्राहकाला आपला ऐवज परत नेता यावा म्हणून डाउनलोडची सोय अशा सेवेने पहिल्याच वर्षी बांधावी. त्यावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. पहिल्या दिवसापासून पैसे घेतले असते तर ही फोटो-सेवा बंद पडली नसती, हा एक. आणि ज्यांनी छदामही मोजला नाही त्यांना तक्रारीचा अधिकार नाही, हा दुसरा.

पहिला आक्षेप आकड्यांपुढे टिकत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये या सेवेने गाशा गुंडाळल्याचे जाहीर केले, तेव्हा तिच्या सुमारे ५५ हजार वापरकर्त्यांपैकी ६,८०० जण पैसे भरत होते. आठांत एक हे प्रमाण अशा धंद्यात कोणालाही हेवा वाटावा असेच आहे. तरीही अमेझॉनच्या सर्व्हरचे ३५ हजार डॉलरचे बिल समोर आले, तेव्हा ते भागवणे कंपनीच्या आवाक्याबाहेर गेले होते. नवा ग्राहक आपले अनेक वर्षांचे फोटो एकदम चढवतो, ते पुढेही सांभाळावे लागतात, त्यांत रोज भर पडते आणि वर्गणी मात्र तेवढीच राहते. हा खर्च पेलण्याइतके ग्राहक जमण्याआधीच भांडवल संपले. बुकमार्क, म्हणजे वेबपानांचे पत्ते, साठवणाऱ्या पिनबोर्डने सुरुवातीपासून पैसे घेतले आणि २०१७ मध्ये त्याच कामाची मोफत सेवा डेलिशस विकत घेतली, हे उदाहरण आपल्या बाजूचे आहे, हे मान्य. पण एका बुकमार्कला चार ओळींची जागा पुरते, म्हणून ती सेवा एकट्या माणसाला चालवता आली.

दुसऱ्या आक्षेपातले अर्धे मला पटते. फुकट वापरणाऱ्याला ‘सेवा चालू ठेवा’ असे बजावता येत नाही. आपले जे आहे ते धड परत मागता मात्र येते. ॲप बनवणाऱ्यांना तयार सर्व्हर पुरवणाऱ्या पार्सने जानेवारी २०१६ मध्ये बंद होण्याची घोषणा करून वर्षभराची मुदत दिली आणि सर्व्हरचा कोडही खुला केला. अनेक संकेतस्थळांवरचा नवा मजकूर एकत्र दाखवणाऱ्या गूगल रीडरने साडेतीन महिनेच दिले, पण वाचकाच्या फीडची, म्हणजे तो वाचत असलेल्या संकेतस्थळांची, यादी ओपीएमएल या इतर रीडरनाही वाचता येणाऱ्या फाइलमध्ये मिळत असल्याने ती दुसऱ्या रीडरमध्ये जशीच्या तशी चढवता आली. याउलट अल्बम मोडलेले, मथळे गळालेले आणि सगळ्या फोटोंवर डाउनलोडच्या दिवसाचीच तारीख, अशी झिप फाइल हाती आली तर ती लावत बसण्यात महिने जातात. डाउनलोडची सोय शेवटच्या महिन्यात करायला घेतली की असेच होते, कारण तोवर पैसे संपलेले असतात आणि जाणते प्रोग्रामरही दुसरीकडे गेलेले असतात. म्हणून ती पहिल्याच वर्षी बांधावी, हे माझे म्हणणे कायम आहे; पैसे भरणाऱ्या ग्राहकालाही सेवा बंद होताना तीच लागते.