कॉम्प्रेशन चांगलं, म्हणून सिलिंडर चांगला?

टू-स्ट्रोक जेट स्कीबद्दल एक सल्ला सर्रास फिरतो: 'कॉम्प्रेशन 120 पीएसआयच्या वर आहे, सिलिंडरांत 10 पेक्षा जास्त फरक नाही, मग बोअरिंग कशाला? होन मारा, नवीन रिंगा टाका आणि चालवा.' (बोअरिंग म्हणजे सिलिंडर कापून थोडा मोठा करणं, होन म्हणजे त्याची भिंत दगडाने हलकी घासणं.) खर्च वाचवणारा सल्ला असल्याने तो लगेच पटतो.

आधी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने सिलिंडरात तयार केलेला दाब. एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतलं धूर जाण्याचं छिद्र) बंद झाल्यावरच दाब वाढू लागतो, म्हणजे गेजला फक्त पोर्टच्या वरचा पट्टा कळतो. खाली, जिथे पिस्टनचा स्कर्ट (रिंगांखालचा भाग) घासतो, तिथली झीज त्याला कळत नाही. ढिला पिस्टन खडखडत राहतो, स्कर्टला तडा जातो, तुकडे क्रँककेसमध्ये पडतात; तोवर आकडा झकास. शिवाय थ्रॉटल पूर्ण उघडा नसेल किंवा बॅटरी उतरलेली असेल तर तो कमी येतो, सिलिंडरात फॉगिंग ऑइल (इंजिन बंद ठेवताना गंज टाळायला फवारलेलं तेल) असेल तर फुगतो.

'10 पेक्षा फरक नाही' याने फक्त सगळे सिलिंडर सारखे आहेत एवढंच कळतं. सारखे झिजलेलेही असू शकतात.

निर्णय डायल बोअर गेजने (सिलिंडरचा आतला व्यास मोजणारं उपकरण) घ्यायचा. पोर्टच्या कडा टाळून वर, मध्ये, खाली. प्रत्येक ठिकाणी गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन) दिशेने आणि तिला काटकोनात, अशी सहा मापं. वर-खाली फरक म्हणजे टेपर, या दोन दिशांतला फरक म्हणजे लंबगोलपणा. मर्यादा इंजिनाच्या मॅन्युअलमधली धरा, साधारण 0.05 ते 0.10 मिमीच्या आसपास असते. पिस्टन मायक्रोमीटरने स्कर्टवर, पिनला काटकोनात, मॅन्युअलने सांगितलेल्या उंचीवर मोजा. सगळं मर्यादेत आणि भिंतीवर फक्त चकाकी असेल, तर होन आणि रिंगा हा सल्ला बरोबरच आहे.

पण नवीन रिंग झीज भरून काढत नाही. व्यास 0.10 मिमी वाढला की रिंगची गॅप (तिच्या दोन टोकांमधली फट) सुमारे 0.31 मिमीने वाढते. होन तर धातू आणखी काढतो, आणि जुना पिस्टन तेवढाच राहतो.

सीझ झालेल्या (पिस्टन धरून बसलेल्या) सिलिंडरात चिकटलेलं पिस्टनचं ॲल्युमिनियम आधी हायड्रोक्लोरिक ॲसिडने जपून काढा (हातमोजे, चष्मा, मोकळी हवा). खाली ओतीव लोखंड गुळगुळीत निघालं तर सिलिंडर वाचला. नख अडकेल असा ओरखडा किंवा रिंगच्या वाटेवर गंजाचे खड्डे दिसले तर बोअर करावंच लागतं. निकेल-सिलिकॉन कार्बाइड लेप असलेल्या सिलिंडरांना हे लागू नाही. त्यांना ॲसिडचा स्पर्श तेवढ्याच बेताने, कारण लेप फाटलेला असेल तर ते खालचं ॲल्युमिनियम खातं. आणि ते नेहमीसारखे बोअर होत नाहीत, पुन्हा लेप द्यावा लागतो किंवा स्लीव्ह (आतली धातूची नळी) बसवावी लागते.

बोअर ठरलं तर आधी ओव्हरसाइज पिस्टन हातात घ्या, तो मोजा, मग त्यात क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीमधली मोकळी जागा) मिळवून बोअर करून घ्या. क्लिअरन्स कमी ठेवला तर गरम पिस्टन आणि थंड पाण्याने आवळलेला सिलिंडर एकमेकांना धरतात. पोर्टच्या कडा घासून गोल करून घ्या, नाहीतर रिंग अडकून तुटते. शेवटी गरम साबणपाण्याने धुवा. पेट्रोलने होनची पावडर नीट निघत नाही.

राहिलं 'चालवा'. आधी सीझ का झाला ते शोधा: क्रँक सीलमधून हवा, तुंबलेला कार्ब्युरेटर जेट, ऑइल पंप, थांबलेलं कूलिंगचं पाणी. कारण तसंच राहिलं तर नवा पिस्टनही त्याच जागी धरतो.